दोन रेकॉर्डींच्या मध्ये

बातमी आली तेव्हा भोंगा चालू होता. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. कुरखेड्याजवळच्या तसल्याच एका मंडईत मी रेकॉर्डी वाजवत बसलो होतो. गावाकडचा एक गडी गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या कानाशी काहीतरी ओरडला. भोंग्यापुढे काही ऐकू येईना. मी म्हटलं, "काय?" तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी मुसळ उचलून खाली आणल्याची खूण केली आणि मग हात आडवा फिरवला... तेव्हा समजलं. आमची पार्बताबाई गेली. मी मशीन बंद करायला हवं होतं की नाही? नाही केलं. रेकॉर्ड संपेपर्यंत तसाच उभा राहिलो, जसं काही ती रेकॉर्ड अर्ध्यात तोडणं हेच मोठं पाप होतं. आज महिना उलटून गेला, पण ती तीन मिनिटं काही माझ्या अंगावरून उतरत नाहीत.

पार्बताबाई कोण, हे आमच्या पाच-सात गावांना सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्नात हळद उखळात कुटतात आणि कुटताना गाणं म्हणतात. ते गाणं म्हणणारी ही बाई. त्या गाण्यात घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं. आजा, पणजा, लहानपणी गेलेलं पोर, बाळंतपणात गेलेली सून, सगळे. ज्याचं नाव राहिलं तो दारातच उभा राहतो, असं आमची माणसं मानतात. पार्बताबाईला अक्षर येत नव्हतं, पण कुणाच्या घरचे कोण कोण गेले ते चार-चार पिढ्यांपर्यंत तिच्या तोंडात होतं. पटवाऱ्याच्या दप्तरात चूक निघेल, तिच्या गाण्यात नाही. स्वतः लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, मोहाची फुलं वेचून आणि धानाच्या रोवणीला जाऊन पोट भरायची. नवरानवरी कुठल्याही जातीचे असोत, हळद कुटायची म्हटली की पार्बताबाईला बोलावणं जायचंच.

माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. धाकटी बहीण तेव्हा मांडीवरची. बापानं दुसरं लग्न केलं. दुसऱ्या आईनं आम्हाला पोटच्यासारखं वाढवलं, तिच्याविषयी एका शब्दाची तक्रार नाही. पण तिच्यासमोर पहिलीचं नाव काढायची रीत नव्हती, आणि काढलं नाही ते नाहीच काढलं कुणी. नऊ वर्षांचा होईपर्यंत मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. मग मोठ्या भावाच्या हळदीला पार्बताबाईनं मुसळ उचललं आणि म्हणाली, "ये वो बयनामाय, मांडवाखाली ये, लेकाच्या हळदीले हात लाव..." मी शेजारच्या बाईला विचारलं, बयना कोण? ती म्हणाली, "तुही माय ना रे, बावळ्या!" मी गोठ्यात जाऊन रडलो आणि दिवसभर ते नाव मनात म्हणत बसलो.

तेव्हा त्या बाईचे माझ्यावर केवढे उपकार! आणि मी काय केलं ते आता सांगतो.

सातवी झाल्यावर मी सायकली आणि घड्याळं दुरुस्त करू लागलो. मशीनचा नाद लहानपणापासून. सहा-सात वर्षांपूर्वी नागपूरहून भोंग्याचा सेट आणला. चावीचा बाजा, मोटारीची बॅटरी, एक भोंगा, एक माइक आणि वीस-बावीस सिनेमाच्या रेकॉर्डी. बॅटरी संपली की सायकलला बांधून वडशाच्या भातगिरणीत भरायला न्यायची. पंचक्रोशीत असा सेट दुसरा नव्हता. लोक बैलगाड्या थांबवून ऐकायचे. मला वाटलं, ज्या बाईनं मला आई दिली तिचा आवाज आता गावोगाव पोचवावा. अगदी मनापासून वाटलं होतं हो, खोटं कशाला बोलू! आमच्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मीच हट्ट धरला की बाई माइकवर गाईल.

पार्बताबाई माइककडे बघून हसली. म्हणाली, "हे भुट्ट्यावानी काय आहे रे बाबू? याच्यात बोलू का याले खाऊ?" बायका खो-खो हसल्या. मी मात्र ऐटीत होतो. भोंगा मांडवाजवळ न बांधता बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या पलीकडच्या चिंचेवर बांधला होता, दीडशे हात तार ओढून. का, तर शेजारच्या गावालाही ऐकू जावं आणि भोंगा कुणाचा म्हणून माझं नाव व्हावं.

ती गाऊ लागली. पहिली दोन नावं नीट गेली. मग पाहिलं तर तिचा चेहरा बावरलेला. तिचा शब्द तोंडातून निघायचा आणि क्षणभरानं तोच शब्द चिंचेवरून परत तिच्या कानात पडायचा. ती पुढचं नाव घ्यायची तोवर मागचं येऊन धडकायचं. मुसळाचा ठेका चुकला. तिनं माझ्याकडे बघून हात वर केला, थांबव म्हणून. मी हातानंच सांगितलं, चालू द्या, चालू द्या. तिनं गाणं पुरं केलं, आणि घरची म्हातारी मालगुजारीण एकदम रडायलाच लागली. "माह्या केशवले काऊन नाई बोलावलं वो? माहा लेक दारातच राह्यला ना!" केशव म्हणजे तिचा धाकटा मुलगा, वैनगंगेच्या पुरात गेलेला. त्याचं नाव सुटलं होतं.

मालगुजारांनी मला विचारलं, "काय रे, मशीनमंदी बिघाड होता का काही?"

माझ्या जिभेला हाड नसेल तर नसो, मनाला तरी असायला हवं होतं. मी म्हणालो, "नाई जी. मशीन ठीक आहे. बाईचं आता वय झालं."

पार्बताबाई तिथंच होती, मुसळ हातात धरून. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मुसळ भिंतीला टेकवलं, पदराला हात पुसले आणि घरी गेली.

तेव्हा कळलं नाही असं म्हणायचीही मला सोय नाही. संध्याकाळी सामान आवरताना मी माइक तोंडाशी धरून पाढे म्हणून पाहिले. बेचा पाढा! माझाच आवाज मागून यायचा आणि जीभ अडखळायची. बे पंचेच्या पुढे जाता येईना. म्हणजे खोट कुठे होती ते त्याच दिवशी मला पुरतं कळलं. तिचं घर दोनशे पावलांवर होतं. मी गेलो नाही. भोंग्याला बोल लागला असता, पुढची लग्नं हातची गेली असती, मालगुजारांपुढे खोटा ठरलो असतो... कारणं काय, कितीही मिळतात.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. दोन महिन्यांनी माझ्याच बहिणीचं लग्न होतं. मी चाचरत बाईचं नाव काढलं, तर बाप म्हणाला, "कायले अपशकुन? तुह्यापाशी रेकाट आहे ना. रेकाट तर चुकत नाई." खरंच आहे, रेकॉर्ड चुकत नाही. तिला आमचं कुणी माहीतच नसतं, चुकणार कशी? मी सिनेमाचं गाणं लावलं आणि बायका त्या ठेक्यावर हळद कुटू लागल्या. एक रेकॉर्ड संपली. मी चावी भरली, दर रेकॉर्डीला बदलावी लागते ती सुई बदलू लागलो. मांडवात तेवढाच काय तो शांतपणा. तेवढ्यात कुडाच्या पलीकडून आवाज आला, हळू, पण स्वच्छ. "ये वो बयनामाय. लेकीच्या हळदीले ये."

बिनबोलावणं मांडवात यायचं नाही, म्हणून ती कुडाबाहेर उभी होती. बहिणीनं मान वर केली. मी बहिणीकडे पाहिलं नाही. सुई टेकवली आणि पुढची रेकॉर्ड लावली.

तेव्हापासून हे सुरूच राहिलं. माझा भोंगा ज्या लग्नात, त्या लग्नात कुडाबाहेर किंवा मांडवाच्या मागल्या अंगाला पार्बताबाई. दोन रेकॉर्डींच्या मध्ये ती एकेक नाव घालायची. मालगुजारांच्या घरी पुढचं लग्न झालं तेव्हा तिनं पहिलं नाव केशवचं घेतलं. मग मी सुई बदलायला वेळ लावू लागलो. सुयांची डबी उघडायची, उगाच एकेक सुई उजेडात धरून बघायची, पुन्हा ठेवायची. लोक ओरडायचे, मी म्हणायचो, "सुई बोथट झाली जी." यापलीकडे माझी छाती गेली नाही. आम्ही दोघं त्याविषयी कधीच बोललो नाही. फक्त एकदा, यंदाच्या पोळ्याला, ती माझ्या सायकलच्या दुकानावरून जाताना थांबली आणि म्हणाली, "बाबू, तुह्या मशीनची सुई बदलाले येवढा वेळ काऊन लागते रे?" मी खाली मान घालून सायकलची चेन बघत राहिलो. ती म्हणाली, "लागू दे. बरं आहे." हीच शेवटची भेट. तेव्हा दुकानापाशी आम्ही दोघंच होतो. सांगायला किती वेळ लागला असता?

मी यंत्राच्या विरुद्ध नाही, माझं पोट त्यावर आहे. पण आता मंडईच्या दंडारीतली, रात्रीच्या नाचगाण्याच्या खेळातली पोरंही माइक असल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि गाणं तीन मिनिटांत संपायला हवं असं सगळ्यांनाच वाटू लागलं आहे. पार्बताबाईचं गाणं घरात जेवढी माणसं मेलेली तेवढं लांब असायचं.

मागल्या आठवड्यात एका लग्नात होतो. पहिली रेकॉर्ड संपली. सवयीनं सुयांची डबी उघडली, एक सुई उजेडात धरली आणि कान कुडाकडे गेला. काही नाही. कोंबड्या, पोरं, मुसळाचे दोन-चार ठोके. त्या घरचे कोण कोण गेले ते मला माहीत नव्हतं, तिथं कुणालाच सगळं माहीत नव्हतं. आणि पार्बताबाईला बोलवायचं तर कुठल्या मांडवात? तिच्या घरी लग्न होणारच नाही. माइक हातात होता. मालगुजार समोर बसले होते. कुणीतरी ओरडलं, "अरे लाव ना जी, काऊन थांबला?" मी पुढची रेकॉर्ड लावली.

बोलणं मला जमत नाही, हे आता मला कळून चुकलं आहे. म्हणून इथे लिहितो. वर्तमानपत्राची ही पुरवणी मालगुजारांच्या घरी येते आणि ओसरीवर मोठ्यानं वाचली जाते. म्हातारी अजून आहे, तिनंही ऐकावं. त्या दिवशी पार्बताबाई चुकली नव्हती. भोंगा मी लांब बांधला होता. आणि थांबव म्हणून तिनं हात वर केला होता, तो मी पाहिला होता.