सगळ्यात मोठ्या कोंबड्याचा नवस

माझ्या खुराड्यातल्या कोंबड्यांच्या माना उघड्या आहेत. गळ्यावर पीस नाही, नुसतं लालभडक कातडं. नवा पाहुणा आधी हसतो, आणि ताटात रस्सा पडला की गप्प होतो. धारूरच्या बाजारात माझा नर एकदा हातात घेतला की माणूस खाली ठेवत नाही. ही जात मी कुठल्या फार्मातून आणलेली नाही, मी जमवली. शाळेत मी फार टिकलो नाही, पण कोणत्या मादीला कोणता नर लावायचा हे मला शिकवायला कोणी येऊ नये.

दुष्काळाच्या आदल्या साली आमच्या सोसायटीनं मेंबरांना वजनदार जातीची पिल्लं वाटली. खाण्यासाठीचीच जात ती. सोबत खाद्याची पोती. पिल्लं बघता बघता भरली. मग पाऊस गेला आणि पाठोपाठ पोतीही यायची बंद झाली. त्या कोंबड्यांना उकरून खायचं माहीत नव्हतं. पोत्याच्या जागेकडं तोंड करून उभ्या राहायच्या. ऊन तापलं तशा चोच वासून पडायला लागल्या. गावानं मरायच्या आधीच कापून खाल्ल्या. मी मात्र एक नर राखला. दुपारभर त्याला रांजणाखालच्या ओल्या वाळूत बसवायचो. घरची चिडायची.

"अवो, आता पंख्यानं वारा बी घाला त्याला!"

मला त्याचं अंग पाहिजे होतं. आमच्या गावठी कोंबड्या लई काटक, पण हातात धरली तर पिसंच जास्त. त्यातली एक उघड्या मानेची होती. बाकीच्या सावलीला बसल्या तरी ही भर उन्हात उकरत फिरायची. मान उघडी म्हणून तिला ऊन कमी लागतं, असं माझं मत झालं, आणि ते अजून बदललेलं नाही. अंग ह्याचं आणि काटकपणा हिचा, असं मी ठरवलं. गावठी नर सगळे विकून टाकले, मध्ये कोणाची लुडबूड नको. दिवाळीनंतर तिची अंडी एका खुडूक कोंबडीखाली बसवली. निम्म्या पिल्लांच्या माना आईसारख्या उघड्या निघाल्या.

माझा चुलतभाऊ सोसायटीचा संचालक होता. माझ्याच वयाचा, लहानपणापासून तोंडाळ. पिल्लं बघून म्हणाला, "काय बे, कोंबड्या पाळल्यास का गिधाडं?"

"तुला खायला मागायची न्हाईत. निघ."

त्याच हिवाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. बाळ नीट झालं, पण हिला ताप भरला आणि उतरेना. दवाखान्यातून आणली तरी अंग निखाऱ्यासारखं. घरची मरीआईपुढं पदर पसरून आली. "लेकीला उठव, आखाडात घरातला सगळ्यात मोठा कोंबडा देते," असं बोलून आली. लेक उठली. चुलीपुढं बसून आईला कालवणातलं मीठ सांगायला लागली, तेव्हा मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी घरचीनं रांजणाकडं बघितलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"त्यो नर देनार?"

"मंग घरात मोठा कोन हाय? तुमाला देता येत न्हाई."

"बाजारातनं दुसरा आनतो."

"नवस घरातल्याचा हाय. आन सगळ्यात मोठ्याचा."

देवीशी माझं भांडण नव्हतं. लेक तिनं राखली होती. पण एका खेपेच्या पिल्लांवर जात उभी राहत नसते. घार आहे, मुंगूस आहे, वर दुष्काळ. बाप गेला आणि पिल्लं घारीनं नेली, तर पुन्हा तो नर कुठून आणणार? रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत मी विचार केला.

"आखाडात ज्यो सगळ्यात मोठा आसंल, त्यो देवीचा. कबूल?"

ती हसली. "पिल्लू बापाच्या वर जाईल व्हय आखाडापतुर?"

"जाईल."

"मंग ठरलं. पर दाने मी टाकनार. तुमी बापाला उपाशी ठेवाल."

इतक्या वर्षांच्या संसारात तिचा माझ्यावर तेवढाच विश्वास.

उन्हाळ्यात सोसायटीनं गावाखालच्या माळावर जनावरांची छावणी काढली. आमची बैलजोडी आणि गाय तिथं नेली, म्हणून मीही तिथंच मुक्कामाला. डालीत घालून बाप, पिल्लं, अंड्यावर यायच्या बेतातल्या चार गावठी तलंगा, सगळं खटलं बरोबर नेलं; म्हाताऱ्या कोंबड्या तेवढ्या घरी. बापाला मुद्दाम नेलं, उपाशी मारला म्हणून मागून कोणी बोट दाखवायला नको. चुलतभाऊ छावणीवर देखरेखीला होता.

"बे, छावनी जनावराची हाय. कोंबड्याची हजेरी कुठं लावू?"

"लावू नगस. चारा मागत न्हाईत त्या."

चारा त्यांना कशाला? बसलेल्या बैलाच्या मांडीवरचे, गाईच्या कानातले गोचीड त्या टिपायला लागल्या. शेण उकरून सरकी, पेंडीचा चुरा, किडे काढायच्या. आठवडाभरात लोक आपल्या जनावरांपाशी माझ्या कोंबड्यांना बोलवायला लागले. बाप मात्र बैलाच्या सावलीत उभा. घरची रोज भाकरी घेऊन यायची, येताना ओटीत मूठभर ज्वारी आणायची, तेवढ्याची तो वाट बघायचा. ती मापून सगळ्यांना सारखी टाकायची. त्याचं पोट त्यावर भरणार थोडंच! छाती उतरत चालली.

पिल्लांतला एक नर मात्र तांबडा-काळा निघाला. उघडी मान, आईचे पाय, बापाची छाती. आरवायला लागला तेव्हा बाप त्याच्या अंगावर धावला. पुढं पुढं बापानं धावणं सोडलं आणि तलंगा ह्याच्या मागं छावणीभर फिरायला लागल्या.

आखाड लागला. घरची म्हणाली, "डोळ्यानं सांगू नका, तोलून दाखवा." सोसायटीत ज्वारी तोलायचा मोठा तराजू होता. चुलतभावानं तो लिंबाच्या फांदीला टांगला. अर्धं गाव गोळा झालं. पाय बांधून एका पारड्यात बाप, दुसऱ्यात त्याचा तांबडा-काळा लेक. बापानं पंख फडफडवले, तराजू हेलकावला. मग थांबला. लेकाचं पारडं खाली गेलं. थोडंथोडकं नाही, सगळ्यांना दिसेल एवढं.

मी मिशीवर हात फिरवला. चुलतभाऊ तराजू धरूनच म्हणाला, "जिकलास बे. आता चांगला त्यो चालला देवीला, आन वाळका ऱ्हायला तुला."

लोक हसले. मी हसलो नाही. इतके महिने बाप वाचवायच्या नादात होतो, आणि राखायचा तर लेक होता. शब्द तर माझाच होता. शब्द फिरवणारा मी नव्हे. लेकाला उचललं, काखेत घेतलं आणि देवीची वाट धरली.

घरची शेजारून चालत होती. जरा पुढं गेल्यावर म्हणाली, "तोंड कशाला पाडलंय? घरी दोन खुडूक बसवल्यात मी. छावनीतनं नेलेली तलंगाची अंडी हायेत खाली."

"कुनाची म्हनायची ती?"

"बाप जाग्यावरनं हालत न्हाई. मंग कुनाची आसतील?"

मी म्हणालो, मीही तेच सांगणार होतो. तिनं नुसता पदर सारखा केला.

नवस फेडला. रस्सा गावानं खाल्ला, आणि हाडं चोखताना सगळ्यांनी जात विचारली. पुढच्या आठवड्यात दोन्ही कोंबड्यांखाली पिल्लं निघाली. आज दारात जे उकरतंय ते त्यांचंच.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यात मोठा कोंबडा नवसाला कोणी बोलत नाही. बोलायचा तो त्याच्या खालचा. गाव वर्षानुवर्षं मोठा तेवढा कापत आलं, लहान तेवढा राखत आलं, म्हणून कोंबड्या चिमण्यांएवढ्या झाल्या होत्या. देवीनं अजून तक्रार केलेली नाही.

पाऊस परतल्यावर एका सकाळी चुलतभाऊ टोपली घेऊन दारात उभा राहिला.

"बे, तुज्या गिधाडाची अंडी दे की बसवायला."

मी खाटेवरून उठलो नाही. "गिधाड कोन?"

तो इकडं तिकडं बघायला लागला. दारात घरची हसू दाबत उभी.

"कोंबडीची," तो म्हणाला.

मग दिली.