सागाच्या पानाची मडकी

टण्ण!

मडकं पक्कं भाजलेलं असलं की टिचकी मारल्यावर असं बोलतं. हा आवाज मी जन्मभर ऐकला. पण त्या दिवशी त्यानं माझी जी फजिती केली, ती काय सांगू! कप आधी खाली ठेवा, हसताना चहा सांडेल.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात तेव्हा फोटो काढणारे एक साहेब आले होते. वाघ नको, हरीण नको! पोटावर झोपून, नाक टेकवून पानांचे, किड्यांचे फोटो काढायचे. मी त्यांना पाण्याचं मडकं नेऊन दिलं, तर खूश होऊन एक फोटो दिला. काळ्या रेघांची काय देखणी जाळी! मला वाटलं, सागाच्या पानाच्या शिरा. दुसरं काय असणार?

त्याच आठवड्यात वडशाकडचे पाहुणे मला पाहायला येणार होते. आम्हा कुंभारांत आधी मडकी पाहतात, मग मुलगा. मी ओल्या मडक्यांवर बांबूच्या काडीनं तीच जाळी कोरली, सुकवून भाजली आणि अंगणात रांग मांडली.

मुलीचे वडील आले ते दारातच थबकले.

"काऊन जी, सारीच तडकली का?"

"नाई मामाजी, नक्षी हाय! सागाचं पान!" मी फोटो पुढे केला.

त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "लेका, हा तं सुकल्या तळ्याचा चिखल हाय. भेगा पडलेला! कुंभाराच्या पोराले चिखल ओळखू येत नाई?"

माझे वडील आभाळाकडे पाहू लागले. झाली का सोयरीक!

"पण मडकी पक्की हायेत! वाजवून पाहा न!"

त्यांनी टिचकी मारली. टण्ण! दुसरं, टण्ण! मला असा जोर चढला, की न वाजवलेलंच एक मडकं पाण्यानं भरून मी थेट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"थेंब गळला तं बोला!"

बोलायची गरजच पडली नाही. धोतर भिजलं! इतक्या खोट्या भेगांत एक खरी होती, आणि ती मलाच दिसली नव्हती.

धोतर पिळता पिळता ते हसू लागले. "लय भोळा हाय पोरगा. आमच्या पोरीले हा काय फसवन! जमलं समजा."

आता तुम्हीच सांगा, हातात कला होती की नाही माझ्या?

हे विचारतो आहे, तोच ही कप उचलायला आली. माझ्या टकलावर तिनं एक टिचकी मारली, कान लावून नीट ऐकलं, आणि मान हलवत कप घेऊन आत निघून गेली.