कोरी गाडी

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच गाडी घेतली आणि ती कोरी घेतली. त्या काळी अमरावतीच्या टॅक्सी स्टँडवर कोरी गाडी कोणाचीच नव्हती. तिथं पाच गाड्या लागायच्या आणि पाचही बाहेरदेशच्या. लांबलचक, रुंद, पुढून दात विचकल्यासारख्या. आधी त्या कापसाच्या जिनवाल्या शेटजींच्या नाहीतर मोठ्या वकिलांच्या असायच्या. मालकाचं मन भरलं की त्या ड्रायव्हर लोकांच्या हाती यायच्या आणि मग नऊ-नऊ माणसं पोटात घालून पळायच्या. बाबांची गाडी देशी, आखूड, काळी. स्टँडवरचे तिला डबडं म्हणत.

"फौजी, तुह्या डबड्याचं झाकण कुठी हाये रे?" कोणीतरी विचारायचं.

"तुह्या तोंडाले लावाले ठेवलं हाये," बाबा म्हणायचे आणि काच पुसत राहायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बाबा फौजेचे ट्रक चालवत, म्हणून ते फौजी. लढाई संपल्यावर अकोल्याला एका जिनवाल्याकडे ते अमेरिकन गाडीवर ड्रायव्हर होते. एकदा त्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं काहीतरी तुटलं. ते सामान अकोल्यात नाही, नागपुरात नाही, मुंबईतही नाही. बोटीनं येणार म्हणे. दिवाळीला ताडपत्री टाकलेली गाडी उन्हाळा लागला तरी तशीच उभी. गाडी बसली तसे बाबाही बसले. मालकानं त्यांना बाजाराच्या पिशव्या उचलायला लावलं. पुढं त्याच मालकानं ती गाडी बाबांना स्वस्तात देऊ केली, तर बाबा नाही म्हणाले.

लोकांनी विचारलं की बाबा सामानाची गोष्ट सांगत. "जिचा नटबोल्ट आपल्या देशात भेटते, ते गाडी आपली." पण खरं कारण त्यांनी आईला सांगितलं, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. आई म्हणाली होती, "कावून नाही म्हटलं हो? फुकटात पडत होती."

"लोकायचं उतरलेलं माह्या आज्यानं घातलं, बापानं घातलं," बाबा म्हणाले. "आपण नागपूरहून दीक्षा घेऊन आलो ना? आता उतरलेल्या गाडीत बसू का मी?"

आमच्या गावच्या, हिवरखेडच्या वावरातला आपला हिस्सा बाबांनी काकांना विकून टाकला, वर फौजेतली आणि नोकरीतली शिल्लक घातली, गाडीसाठी नाव नोंदवलं आणि वाट पाहिली. तेव्हा देशी गाडीसाठीही रांग असायची. गाडी आली आणि आम्ही अकोला सोडून अमरावतीला राजापेठेत दोन खोल्यांत राहायला आलो. आता मागं वावर नव्हतं. गाडी चालली तरच घर चालणार होतं, आणि घर चाललं तरच माझं कॉलेज.

कॉलेजचं सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार ओलांडलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. अर्थशास्त्राचे आमचे सर एकदा वर्गात म्हणाले, "परदेशी गाड्यांना दार बंद करून बनवलेली गाडी ही लाडावलेल्या पोरासारखी असते. जगाच्या बाजारात ती चार पावलं चालणार नाही." मी ते परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं, मार्कही चांगले पडले. घरी आले तर बाबा त्याच लाडावलेल्या पोराला बादलीनं आंघोळ घालत होते.

खोटं कशाला बोलू, त्या परदेशी गाड्या ताकदीच्या होत्या. आमच्या गाडीचं इंजीन लहान, चढावर धाप लागायची. आज माझ्या गल्लीत जपानची, कोरियाची, जर्मनीची गाडी उभी असते. ती कुठली आहे हे कोणी विचारत नाही, किती ॲव्हरेज देते एवढं विचारतात. त्यात वाईट काही नाही. पण गाडी कुठली हा प्रश्न एका माणसासाठी इज्जतीचा होता, तो काळ मी पाहिला आहे.

स्टँडवर सगळी कमाई चिखलदऱ्याच्या रस्त्यावर होती. उन्हाळा लागला की थंड हवेला जाणारी कुटुंबं यायची, आणि या रस्त्यावर गाड्या नंबरानं लागायच्या. ज्याचा नंबर त्याचं भाडं. नंबर मिळवायची स्टँडची एक रीत होती. भरल्या गाडीनं घाट चढून दाखवायचा, वाटेत एकही माणूस खाली न उतरवता. माणूस उतरला की नंबर गेला. मग वर्षभर बडनेऱ्याच्या स्टेशनावरची सवारी मारत बसायचं. निवाडा करायचे स्टँडवरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांना सगळे चाचा म्हणत.

पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी घाट मागितला. चाचा म्हणाले, "दिया. भरी गाडी आण."

आता भरली गाडी म्हणजे किती माणसं? मोठ्या गाड्यांच्या हिशेबानं स्टँडनं ड्रायव्हर धरून आठ ठरवली. गाडी कारखान्यातून निघाली होती पाच माणसांसाठी. बाबांना ते पक्कं ठाऊक होतं, पण ते बोलले नाहीत. आमच्या वऱ्हाडात गाडी भरली असं तोंडानं म्हणायची पद्धतच नव्हती. ते म्हणजे दारी आलेल्या माणसाला जेवण संपलं सांगण्यासारखं. शिवाय पाच म्हटलं असतं तर सगळे हसले असते.

माणसंही स्टँडनंच निवडली आणि वजन पाहून निवडली. तालमीचा वस्ताद आला, भजेवाला आला, सोडावाला आला, दोन ड्रायव्हर आले. निवाड्याला चाचा होतेच. बाबांना धरून सात झाले. एक कमी पडला, तेव्हा बाबा मला म्हणाले, "चाल वो, तू बस." समोर बाबा, मी आणि चाचा, मागं पाच जण. भजेवाला वस्तादाच्या मांडीवर.

"वस्ताद, मांडी हाये का खलबत्ता?" तो म्हणाला.

"गप बस, नाहीतर कुटून काढीन."

परतवाड्यापर्यंत गाडी गात गेली. घाट लागला तसं गाणं बंद झालं. पहिली काही वळणं दुसऱ्या गिअरवर निघाली, मग पहिला. गाडीचा वेग इतका कमी झाला की रस्त्यानं मोळी घेऊन चाललेली एक कोरकू बाई आमच्याबरोबर चालू लागली आणि आत डोकावून हसली. मग बॉनेटमधून वाफ यायला लागली. पाणी उकळलं होतं.

बाबा थांबेनात. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. गाडी थांबवून पाणी घालायला रीतीची हरकत नव्हती, पण आठ माणसांनिशी चढावर थांबली की ती पुन्हा उचलणार नाही हे त्यांना कळत होतं. थांबणं म्हणजे माणसं उतरवणं, आणि उतरवणं म्हणजे नंबर जाणं. चाचा समोर पाहत म्हणाले, "फौजी, इंजन जल जायेगा."

पुढच्या वळणावर बाबांनी ब्रेक मारला. उतरले, मागच्या चाकाला दगड लावला आणि म्हणाले, "उतरा सगळे."

कोणी हललं नाही. सोडावाला हळूच म्हणाला, "अबे, उतरलो त नंबर जाते ना तुहा."

"जाऊ दे. पाचाच्या गाडीत मी आठ बसोले. हे चुकलं माहं. गाडीले नाव नका ठेवू."

माझ्या बाबांना आपलं चुकलं म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते स्टँडच्या माणसांसमोर म्हणाले, ज्यांच्या हातात आमच्या घराची चूल होती त्यांच्यासमोर, आणि मान वर ठेवून म्हणाले. मला तर रडू फुटेल असं वाटलं. पण वस्ताद मांडी चोळत उतरला ते पाहून हसूच आलं.

इंजीन निवू दिलं. गाडीत ठेवलेल्या पत्र्याच्या डबकीतलं पाणी घातलं. मग बाबा चाचांपुढं जाऊन उभे राहिले. "चाचा, आठाचा नंबर गेला, मान्य हाये. आता इथून पाच घेऊन चढतो. मधात थांबलो त उद्यापासून स्टँडवर दिसणार नाही. चढलो त पाचाचा नंबर द्या."

"पाच का नंबर कभी सुना क्या किसीने?" चाचा म्हणाले. त्यांनी वरच्या रस्त्याकडे पाहिलं, खालच्या पाहिलं. "बैठता हूँ. इथून पैदल जाऊ का मी म्हातारा?"

चाचा, वस्ताद आणि दोघं ड्रायव्हर बसले. भजेवाला, सोडावाला आणि मी मागं राहिलो. चढावर, उन्हात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मी बाई दोन गड्यांबरोबर पायी निघाले. भजेवाला सारखा बोलत होता. "तुह्या बापानं मले घाट फुकट दाखोतो म्हणून आणलं. आता पायानं दाखोऊन राहिला." मी ऐकत नव्हते. मी वरचा आवाज ऐकत होते. वळणाआड गेला की आवाज बंद व्हायचा, पुढच्या वळणावर पुन्हा यायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता आला नाही तर? मग एकदा तो गेला तो आलाच नाही.

आम्ही वर पोचलो तेव्हा गाडी चहाच्या टपरीशी उभी होती. मी आधी बाबांचं तोंड पाहिलं. त्यावरून काही कळेना, कारण ते भांडत होते.

"माही गाडी नऊ सवाऱ्या नेते, तुही चार," चाचा म्हणत होते. "कोण बसन तुह्या गाडीत?"

"कुटुंब बसन," बाबा म्हणाले. "नवरा, बायको, दोन लेकरं. तुमच्या गाडीत ते बाई परक्या माणसाच्या खांद्याले खांदा लावून येते. माह्या गाडीत आपल्या लेकरायसंग येईन."

चाचांनी बशीतला चहा संपवला. कितीतरी वेळ ते गाडीभोवती फिरले, टायरला पाय लावून पाहिला. मग स्वतः गाडीत असूनही साक्षीसाठी वस्तादाला विचारलं, "मधात रुकी थी क्या?"

"नाही रुकली," वस्ताद म्हणाला.

"मग लाव नंबर. सहावा."

नवा माणूस शेवटीच लागतो, त्यात अपमान नव्हता. बाबांनी चाचांचा हात दोन्ही हातांत धरला. चाचा म्हणाले, "बस बस, चल आता खाली."

भजेवाला सगळ्यांत आधी दारापाशी गेला. बाबांनी दारावर हात ठेवला. "पाच."

"अरे, उतरतीले काय होते?"

"पाच म्हणजे पाच. नंबर पाचाचा हाये."

मग ते माझ्याकडे वळले, खिशातून बसचे पैसे काढले आणि तिघांचे माझ्या हातावर ठेवले. बस आली ती गच्च भरलेली होती. परतवाड्यापर्यंत मी दांडी धरून उभी होते, भजेवाला माझ्या पायावर पाय देत होता, आणि प्रत्येक वळणावर मी खाली वाकून पाहत होते, पुढं आमची गाडी दिसते का.