साखरेची भरलेली बाटली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – आईलाही नाही, जिच्याशी टोकियोतल्या फुनाबोरीच्या घरातून मी रोज फोनवर बोलते.

माझे वडील कामगार संघटनेचे. घरात पत्रकांचे गठ्ठे, मी वाचायला शिकले तीही त्यांवरच. अन्याय दिसला की ही गप्प बसत नाही, असा माझा लौकिक. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरची मोरी-सान चिडवायची, "काय कदम-सान, आज अमीबांचा संप की काम चालू?"

आम्ही ज्यांच्यावर संशोधन करायचो, ते हे अमीबा एकदा बघाच. अन्न संपलं की ते रसायन सोडून एकमेकांना हाक मारतात, हजारोंनी गोळा होतात. मग काही पेशी देठ होऊन मरतात, बाकीच्या त्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन तगतात. कोणी मरायचं हे ठरतं कसं? साखरेवर पोसलेल्या पेशी बहुधा बीजाणू होतात. गंमत ही, की शेजारणीला देठ व्हायला लावणारं रसायन बीजाणू होऊ घातलेल्या पेशीच सोडतात! याला त्याग म्हणायचं? मी तर कधीच म्हटलं नाही.

मोरी-सानने एका जनुकात बदल केलेल्या पेशी साध्या पेशींत मिसळल्या. तिच्या बदललेल्या पेशीच जवळजवळ सगळ्या देठात गेल्या. त्या जनुकाचंच हे काम, असं तिला वाटलं – आनंदाने ती टेबलाभोवती नाचली होती. सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, म्हणाले, "पुन्हा करून बघा." पुन्हा केलं, तर दोन्ही प्रकारच्या पेशींत काहीच फरक नाही.

आता सांगते. त्या आठवड्यात सगळ्यांसाठी पोषकद्रव बनवायची पाळी माझी होती. साखर वेगळी उकळून, द्रव गार झाल्यावर मिसळायची असते. मोरी-सानच्या बदललेल्या पेशींच्या फ्लास्कात ती मिसळायची माझ्याकडून राहिली. ती नाचली त्याच दुपारी फळीवर मला तिच्या नावाची साखरेची बाटली दिसली – गळ्यापर्यंत भरलेली. मी काय केलं? बेसिनमध्ये ओतली. बाटली विसळून पालथी घातली.

दुसरा प्रयोग फसल्यावर प्रयोगशाळेच्या बैठकीत मोरी-सान उभी राहिली, कमरेत वाकली. "माझ्या हातून चूक झाली. सर्वांचा वेळ गेला, क्षमा करा." आणि मी – हो, मीच – ताडकन उठून म्हणाले, की एकट्या माणसाला असं झुकायला लावणं अन्याय आहे! बोलताना आवाज जराही कापला नाही. अजून मला त्याचंच नवल वाटतं – कुठून आला तो आवाज?

आपल्या हातांवरचा तिचा विश्वास उडाला. वर्षाच्या आत पीएचडी सोडून ती कावासाकी शहरातल्या एका कंपनीत लागली.

बैठकीच्या संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून माझ्यासाठी पुडिंग घेऊन आली होती. "माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच बोललात," म्हणाली, आणि समोर बसली.

तिच्या पेशी उपाशी होत्या, हे मला माहीत होतं. मी ते पुडिंग खाल्लं – तिच्यासमोर, तळाच्या गोड पाकासकट.