पाताळनगरीचे जनक हयात आहेत

श्री. अनंतराव देशकर यांची आणि माझी पहिली भेट रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका छापखान्यात झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो आणि आपले अक्षर फार सुंदर आहे असा माझा दाट समज होता. सरांना त्यांच्या 'पाताळनगरी' या चित्रकथेसाठी फुगे लिहिणारा माणूस हवा होता. फुगे म्हणजे चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळ गोल काढून त्यात संवाद लिहितात ते. मी नमुन्याचे पान लिहून नेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते पाहिले आणि म्हणाले, "अक्षर झकास आहे. पण तू तं राजाच्या कपाळावरच लिहून ठेवलं ना! आधी माणसाले जागा दे, मग त्याचं बोलणं लिही." दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात 'सरांचा सर्वांत जवळचा शिष्य' म्हणून मी लिहावे, असे गौरव समितीने कळवले. या शिष्याने काय केले हे समितीला ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून भिडेखातर कोणी बोलले नसावे. ते मी इथे सांगणारच आहे. पण आधी सरांविषयी.

सर रेल्वेच्या कचेरीत होते. संध्याकाळी घरी आले की चहा घ्यायचे आणि बैठकीत पाटावर कागद ताणून बसायचे. तळ्याच्या तळाशी एक नगरी आहे, तिथे सूर्य पोचत नाही म्हणून दिवे अखंड तेवत ठेवावे लागतात, आणि वरच्या जगातला भिवा नावाचा एक साधा नावाडी चुकून तिथे जाऊन पोचतो, एवढीच मूळ गोष्ट. पण रायपूर, दुर्ग, बिलासपूरच्या मराठी घरांत त्या अंकावरून भावंडांच्या मारामाऱ्या व्हायच्या. मुले तळ्याच्या काठी वाकून खाली दिवे दिसतात का ते बघायची, आणि आया मागून ओरडायच्या.

कोणताही संवाद कागदावर जाण्याआधी सर तो घरात मोठ्याने बोलवून घ्यायचे. राणीचे संवाद मंगलाकाकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या वाट्याला येत. काकू मेथी निवडता निवडता "हे दुष्टा, माझ्या नगरीच्या वेशीवरच थांब!" असे म्हणायच्या आणि लगेच पुढे, "अहो, चिडलेली बाई एवढं लांब बोलत नाई. ती नुसतं 'थांब' म्हणते." सर निमूटपणे बाकीचे खोडायचे. त्या घरात राणीचा शब्द खरोखरच अखेरचा होता.

एकदा बीरगावहून एका वाचकाचे हिंदीत कार्ड आले. ते तिथे कारखान्यात कामाला होते, पण पूर्वी महानदीवर डोंगा, म्हणजे नाव चालवत. शेजारच्या मराठी मुलीकडून ते आमचा अंक वाचून घेत. भिवा बांबू जसा धरतो तसा धरला तर डोंगा उलटेल, एवढेच त्यांनी लिहिले होते. सरांनी रविवारी सायकल काढली, मला मागे बसवले आणि आम्ही बीरगावला गेलो. त्या गृहस्थांनी अंगणात खाट टाकली, तिच्यावर उभे राहून हातात बांबू घेतला आणि सरांना म्हणाले, "देख भैया, गोड़ ला अइसे जमाबे, तब डोंगा तोर बात मानही." पाय असे रोवले तरच नाव तुझे ऐकेल. सरांनी तासभर त्यांचे नुसते पाय काढले. पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर चौकट होती. आजवर आम्ही नाव चुकीच्या पद्धतीने चालवली, ती या वाचकाने सुधारली, असे त्यांच्या नावानिशी छापले होते. मी म्हटले, "सर, कोणाच्या लक्षातही आलं नसतं." ते म्हणाले, "माझ्या आलं ना."

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा मी त्यांना घेऊन दीड महिना नागपूरला दवाखान्यात होतो. त्या काळात दोन अंक निघाले. परत आल्यावर मी ते पाहिले, तर फुग्यांतले अक्षर हुबेहूब माझे. सरांनीच ते माझ्या वळणाने लिहिले होते, आणि खाली छापले होते, 'अक्षरलेखन: प्रमोद गोडे'. मी संकोचून विचारले, तर म्हणाले, "तुझं नाव गाळलं असतं तं वाचकाले वाटलं असतं, पोट्टा सोडून गेला. तू कुठं गेला होता? तू तं बापाजवळ होता." हा प्रसंग मी आजवर अनेकांना कौतुकाने सांगितला आहे. अलीकडे तो सांगताना जीभ अडखळते.

'पाताळनगरी' बंद पडली असे लोक म्हणतात, ते चूक आहे. सरांनी ती संपवली. शेवटच्या अंकात दिवे लावणारी म्हातारी मरते, आणि भिवा वर यायची वाट सापडलेली असूनही खालीच राहतो, तिचे काम हाती घेतो. वाचकांची रडकुंडीची पत्रे आली. सरांनी एकालाही 'पुढे बघू' असे उत्तर दिले नाही. नंतर ते चौबे कॉलोनीत राहायला आले, तेव्हा मूळ चित्रांची पेटी त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. "तुझं घर कोरडं आहे," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका प्रकाशन संस्थेच्या संपादक बाईंचा मला फोन आला. लहानपणी 'पाताळनगरी' वाचलेल्यांना ती परत हवी आहे, नवे अंक तुम्ही कराल का, असे त्यांनी विचारले. वाक्य पुरे व्हायच्या आत मी हो म्हणालो. "आणि देशकर सर?" बाईंनी विचारले. मी आवाज खाली आणून म्हणालो, "त्यांचं आता काही विचारू नका. मी बघतो सगळं."

चौबे कॉलोनी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. भाजी आणायला मी त्याच रस्त्याने जातो. तरी आठ महिने मी सरांच्या दारात पाऊल टाकले नाही, उलट भाजीचा रस्ता बदलला. गेलो असतो तर विचारावे लागले असते, आणि विचारले असते तर ते नाही म्हणाले असते, हे मला पक्के ठाऊक होते. नव्या अंकात मी तळ्याच्या भिंतीला एक जिना काढला आणि भिवाला वर आणला.

छपाईपूर्वीची पाने तपासायला आली. पहिल्याच पानावर होते, 'पाताळनगरीचे जनक कै. अनंतराव देशकर यांच्या पावन स्मृतीस.' यात बाईंचा दोष नाही. मी त्यांना दुसरे काही समजू दिलेच नव्हते. मी ती ओळ तीनदा वाचली. 'सर हयात आहेत' एवढे तीन शब्द कळवायचे होते. पण ते कळवले की पुढचा प्रश्न आला असता, मग त्यांची परवानगी घेतली का? मी बाईंना कळवले, 'पाने छान झाली आहेत. छापायला हरकत नाही.' माझ्या गुरूंना मी असे मारले. याहून सौम्य शब्द मला सुचत नाही, आणि सुचला तरी मी तो वापरणार नाही.

अंक निघाला, खपला, माझे कौतुकही झाले. मग एक दिवस बिलासपूरचे एक जुने वाचक पत्ता शोधत सरांच्या घरी पोचले. हातात फोटोला घालायचा हार. सरांच्या नातीने दार उघडले. "दादाजी का फोटो? दादाजी तो अंदर बैठे हैं, बुलाऊँ?" ती म्हणाली. सर बाहेर आले, तसे ते गृहस्थ म्हणे पायरीवरच बसले. सरांनी त्यांना पाणी दिले, चहा दिला, त्यांच्याजवळचा अंक चाळला, आणि एवढ्या लांबून आणला आहे तर वाया नको म्हणून हार गळ्यात घालून घेतला.

हे मला सरांनीच फोनवर सांगितले, तेही हसत हसत. मग म्हणाले, "काहून रे प्रमोद, एवढं मोठं काम करून राहिला होता, तं एक डाव घरी यायचं होतं." एवढेच बोलले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी गेलो. काकूंनी पाणी आणून ठेवले आणि त्या तशाच आत निघून गेल्या. इतक्या वर्षांत असे कधी घडले नव्हते. मी सरांचे पाय धरले, माफी मागितली, रडलोही. सरांनी मला उठवले आणि फुगे नीट जागेवर आहेत म्हणून शाबासकी दिली. ती मला सोसवेना. मग जे आधी विचारायला हवे होते ते मी तेव्हा विचारले, "सर, पुढचा अंक अर्धा काढून झालाय. करू का पुरा?"

"नाई," सर म्हणाले. "त्याले वर आणाचं असतं तं मीच आणलं असतं. मले जिना काढता येत नव्हता असं थोडंच आहे? तो वर आला. आता खाली दिवे कोण लावून राहिलं, सांग."

इतकी पाने काढली, पण हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. मी म्हटले, पेटी परत आणून देतो. सरांनी विचारले, "घर अजून कोरडं आहे ना? मग राहू दे तिथंच." त्यांनी असा विश्वास टाकला आणि मला मान वर करता आली नाही. घरी येऊन मी संपादक बाईंना फोन करून सगळे खरे सांगितले. उरलेल्या प्रतींवर त्यांनी दुरुस्तीची पट्टी चिकटवली आणि पुढचा अंक रद्द केला.

त्या दिवशी सरांकडून निघताना काकू दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "यांच्या पंचाहत्तरीचं पुस्तक काढून राहिले म्हणते. तुले लिहाले सांगतीन. सारं लिही. गोड गोड लिहून देशील तं मी वाचणार नाई."

काकू, सारे लिहिले आहे. ज्यांनी ज्यांनी तो अंक विकत घेतला त्यांनी कृपया वाचावे. श्री. अनंतराव देशकर हयात आहेत. हात किंचित थरथरतो, पण रेघ अजून सरळ येते. त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकतो. यापुढे दर वाढदिवसाला मी त्यांच्या घरी जाणार आहे आणि विचारणार आहे, "सर, पुढचा अंक काढू का?" त्यांनी दरवर्षी "नाई" म्हणावे. पंचवीस वर्षे म्हणत राहावे. आणि ते प्रत्येक वेळी मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळावे.