वैजिनाथ अप्पांची अकरावी खूण

दिंद्रुडच्या बाजारपेठेत वैजिनाथ अप्पांचं आयुष्य गेलं आणि त्यातलं निम्मं कापड फाडण्यात गेलं. थानाला कात्रीची नुसती चीर द्यायची आणि पुढचं दोन्ही हातांनी सरळ फाडत न्यायचं, यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर व्हिडिओ गेमचा मालक झाला, ही गोष्ट गावाच्या काही पचनी पडली नाही. खरं सांगायचं तर अप्पांच्याही पडली नव्हती. पण कुणी विचारलंच तर ते कपाळावरची विभूती पुसली जाणार नाही अशा बेतानं घाम टिपत आणि म्हणत, "आता बसून खायचं वय हाय, बसून खातो."

त्या वर्षांत देश खुला झाला, असं पेपरात रोज छापून येई. दिंद्रुडपुरता त्याचा अर्थ एवढाच होता की माजलगावात रेडिमेडची दुकानं झाली आणि कापड घेऊन शिंप्याकडं जाणारं गिऱ्हाईक आटलं. वडिलांच्या वेळचं एकच दुकान आणि त्यावर खाणारी दोन घरं. धाकटा भाऊ राजेश्वर उमेदीचा होता, अप्पा थकले होते. "तू चालव राजा, माझ्यानं आता व्हत न्हाई," असं अप्पाच म्हणाले. वाटणी झाली ती भांडण न होता. खालचं दुकान राजेश्वरला, वरची माडी अप्पांना. एका पाहुण्याच्या नादी लागून अप्पांनी माडीत दोन रंगीत टीव्ही आणि गेमच्या मशिनी मांडल्या. शाळा सुटली की पोरं जिना दणदणवत वर येत आणि अंधार पडेपर्यंत ठो-ठो चालू राही. अप्पांचं डोकं तेवढा वेळ ठणकत असे, पण पोरांना गप्प बसवलं तर धंदा कसला?

आता कापडाच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर अप्पांचं दुखणं कळायचं नाही. दर थानाला, दर साडीला एक चिठ्ठी असते. तिच्यावर खरेदीचा भाव लिहिलेला असतो, पण आकड्यांत नाही, खुणांत. दहा आकड्यांच्या दहा खुणा. गिऱ्हाईक चिठ्ठी हातात धरतं, उलटीपालटी करतं आणि त्याला काडीचं कळत नाही. दुकानदार मात्र एका नजरेत ओळखतो की कुठवर खाली उतरायचं. दर दुकानाच्या खुणा वेगळ्या. या घराच्या खुणा अप्पांच्या वडिलांनी काढलेल्या होत्या: त्रिशूळ, अर्धा चंद्र, बेलाचं पान, नांगर अशा. त्या तोंडानं कधी सांगायच्या नाहीत. जो गादीवर बसेल त्याचा तळहात पुढं घ्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि आत बोटानं एकेक खूण गिरवायची. अप्पांच्या तळहातावर वडिलांनी गिरवल्या होत्या, राजेश्वरच्या तळहातावर अप्पांनी.

वाटणीनंतरही अप्पा सवयीनं सकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसत. एके दिवशी त्यांनी हाताशी आलेली एक साडी ओढली, चिठ्ठी उलटली आणि त्यांना वाचता येईना. त्रिशूळ नव्हता, बेलाचं पान नव्हतं. सगळ्या खुणा नव्या. राजेश्वर गिऱ्हाइकात गुंतला होता; त्यानं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा साड्या उलगडायला लागला. अप्पा उठले, जिना चढले, आणि त्यानंतर ती पायरी त्यांनी शिवली नाही.

ज्या गादीवर आपल्याला मिसरूड फुटलं तिच्यापुढं आपण गिऱ्हाईक झालो, हे त्यांना फार लागलं. खुणा उलगडणं त्यांना जड नव्हतं. चार चिठ्ठ्या पाहिल्या असत्या, चार सौदे ऐकले असते, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या हाताशी आल्या असत्या. पण दुसऱ्याच्या खुणा चोरून वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या गल्ल्यात हात घालणं, असं वडिलांनी शिकवलेलं. आणि धाकट्याला तोंडानं विचारायचं? ते जिभेवरच येईना. सणावाराला दोन्ही घरं एकत्र जेवत, कपिलधारच्या यात्रेला एकाच जीपमधून जात, पण भावांचं बोलणं 'भाजी वाढा' आणि 'पुरे'च्या पुढं जात नसे. अशी बरीच वर्षं गेली.

त्यातच ती कॅसेट आली. बीडहून आणलेल्या गेमच्या कॅसेटींत एक वेगळीच निघाली. तिच्यात मारामारी नाही, मोटारी नाहीत. एक बुटका माणूस पडक्या नगरातून हिंडतो. भिंतींत दगड बसवलेत, दगडांवर खुणा कोरल्यात. सगळ्यांत शेवटी एक मोठं दार, आणि ते कुणालाच उघडेना. पोरं किल्ली शोधून शोधून दमली. त्यात मध्येच लाईट जाई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागे. शेवटी पोरांनी त्या कॅसेटचं नाव टाकलं. अप्पांची नजर मात्र त्या दगडांवर गेली आणि तिथंच राहिली. कुणीतरी कुठल्यातरी देशात बसून, समोरच्याच्या डोळ्यांपुढं ठेवून समोरच्यालाच कळू नये असं काहीतरी लिहिलं होतं. हा धंदा अप्पांना चांगला ठाऊक होता.

दुपारी पोरं शाळेत असली की अप्पा मशीन लावत. बुटक्याला चालवताना त्यांचा अंगठा दुखून येई, बुटका सारखा खड्ड्यात पडे. तरी नेटानं ते एकेका दगडापाशी जात आणि कापडावर आखायच्या निळ्या खडूनं तिथल्या खुणा माडीच्या भिंतीवर उतरवत. आणि इथं त्यांनी अशी चूक केली जी कापडवाल्यावाचून दुसऱ्या कुणी केली नसती. ते त्या खुणांना भाव समजले. ही खूण एकाची असेल, ही पाचाची, हे शून्य. पहिल्या काही दगडांवर खुणाही नेमक्या दहाच निघाल्या, त्यामुळं त्यांची खात्रीच पटली. अख्खा पावसाळा अप्पा त्या बुटक्याच्या नगरीचा भाव काढत बसले. त्यांच्या मंडळी नीलाबाई जेवायला बोलवायला वर येत, भिंतीकडं बघत आणि परत जात.

मग एका दगडावर अकरावी खूण निघाली. अप्पांनी ती भिंतीवर उतरवली, खडू खाली ठेवला आणि पाठ टेकून बसले. सगळा खटाटोप पाण्यात गेला होता. आपलं डोकं अजून दुकानातच अडकलंय आणि दुकान तर आपलं राहिलं नाही, हे त्यांना त्या दुपारी लख्ख दिसलं. त्यांना रडू आलं आणि रडण्याचाही कंटाळा आला.

मुलगी वर्षाराणी चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसलेले होते. वर्षाराणी बारावी झालेली, नांदूरघाटच्या घरात तिचं लग्न ठरलेलं. तिनं भिंत नीट पाहिली.

"अप्पा, दहापेक्षा जास्ती हायत म्हंता, तर ही अक्षरं आसतील की. इंग्रजीची."

"अक्षरं हायत तर सरळ लिवायला काय झालतं त्याला?"

"तुमी चिठ्ठीवर कावून सरळ लिवत नव्हता?"

अप्पांनी बशीत चहा ओतला.

त्या दिवसापासून दुपारी दोघं भिंतीपुढं बसू लागली. काही दगडांवर खुणांच्या वर चित्रं होती, एकावर विहीर, एकावर दिवा. वर्षाराणी त्यांचे इंग्रजी शब्द लावून बघे आणि एकेक अक्षर हाती लागे. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण एकदा पाहिलेली खूण ते विसरत नसत. "ही आदी कुठं आलती?" असं तिनं विचारायचा अवकाश, की अप्पा बरोब्बर त्या जागी बोट ठेवत. लाईट गेली तरी दोघं उठत नसत. ही पोर आता चार दिवसांची पाहुणी आहे, हे अप्पांना सारखं आठवत होतं, आणि ते आठवलं की त्यांना खुणा अंधुक दिसत.

इकडं बस्त्याचा दिवस जवळ आला. लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात जातात, हे काही लपून करायचं काम नव्हे. अप्पांनी बीडला जायची जीप ठरवून टाकली. नीलाबाईंनी भाकरी थापता थापता हात थांबवला.

"खाली घरचं दुकान आसताना पोरीचा बस्ता बीडहून? भावजींचं तोंड उभ्या गावात काळं करायचंय का?"

"त्यानं माझं केलं तवा कुनी ईचारलं न्हाई."

"तुमी तरी त्यांला ईचारलं का?"

अप्पा ताटावरून उठले. उपाशीच माडीवर गेले आणि आडवे पडले. बीडचा बस्ता म्हणजे दोन्ही घरांतलं उरलंसुरलं तुटणार, हे त्यांना कळत होतं. पण चिठ्ठी हातात घेऊन अडाण्यासारखं भावापुढं बसायचं, हेही त्यांच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुटका त्या मोठ्या दारापाशी पोचला. दाराशेजारी एक दगड होता, पोरांनी कधी ढुंकूनही न पाहिलेला. वर्षाराणीनं एकेक अक्षर भिंतीवर लावलं आणि ओठांतल्या ओठांत वाचलं.

"काय म्हंतो?"

"दाराला कुलूप न्हाई म्हंतो. किल्ली शोधू नको, ढकल."

अप्पांनी बटन दाबून धरलं. बुटका दाराला खांदा लावून उभा राहिला. काही झालं नाही. अप्पांनी अंगठा उचलला नाही, आणि मग दार घासत घासत आत सरकलं. आत एक मोकळं अंगण होतं, एक झाड होतं, आणि गेम संपला.

"एवढंच?" अप्पा म्हणाले.

"एवढंच."

"एवढी पोरं खेळून गेली. कुनी ढकलून बगितलं न्हाई?"

"किल्ली लागत आसंल, आसंच वाटलं समद्यांला." तिनं कपबशी उचलली. जिन्यापाशी जाऊन थांबली. "अप्पा, जीपवाल्याला येऊ नको म्हनून सांगू का?"

अप्पांनी मशीन बंद केली. त्यांना फार थकवा आला होता, इतक्या वर्षांचा एकदम.

"सांग," ते म्हणाले.

बस्त्याच्या दिवशी नांदूरघाटची मंडळी आली, चहापाणी झालं आणि सगळे खाली उतरले. अप्पा शेवटी. राजेश्वर गादीवरून उठून उभा राहिला, थोरल्याला "या अण्णा" एवढं म्हणाला आणि साड्यांचे गठ्ठे सोडायला लागला. अप्पा पायरीवरच टेकले. वर्षाराणीनं एक जांभळा शालू निवडला. राजेश्वरनं भाव सांगितला. अप्पांनी चिठ्ठी हातात घेतली. त्या अनोळखी खुणा त्यांच्याकडं बघत होत्या. ते खाली मान घालून, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "राजा, ह्या खुणा कावून बदलल्या?"

राजेश्वरचे हात थांबले. "बिभीषन गेला न्हवं का माजलगावच्या दुकानात? इतकी वर्सं चिठ्ठ्या बगून आपल्या जुन्या खुणा त्याला पाठ. तिथं बसून तो आपला माल कितीला आला ते समद्यांला सांगाया लागला. बदलाव्याच लागल्या."

बिभीषण दुकानातला जुना नोकर. तो गेल्याचं अप्पांना ठाऊक होतं. या दोन गोष्टींची गाठ मात्र त्यांनी कधी घातली नव्हती. अख्ख्या नगरीच्या खुणा जुळवणाऱ्या माणसाला घरातली ही एवढी साधी खूण दिसली नाही.

"मला सांगितल्या न्हाईस."

"गादीवर बसल्याबिगर कुनाला खुना द्यायच्या न्हाईत, हे तुमीच शिकवलं की अण्णा. तुमी पायरीवर बसला आन उठून गेला. मी म्हनलं, आज येतील गादीवर, उद्या येतील. मी धाकटा, तुमाला हाताला धरून बसवू कसा?"

अप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले, चपला काढल्या आणि गादीवर चढले. "सरक," म्हणाले. राजेश्वर सरकला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून थोरल्याच्या तळहातावर टाकलं आणि आत बोटानं एकेक खूण गिरवली, सावकाश, दहाच्या दहा. नांदूरघाटचे पाहुणे भिंतीवरच्या साड्या बघत होते.

"आता ह्याबी जास्ती दिवस न्हाईत अण्णा," राजेश्वर म्हणाला. "भावाचे छापील स्टिकर यायलेत. खुणा कुनी लिवनार न्हाई."

"न लिवू दे," अप्पा म्हणाले. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं मन कुढत राहिलं, ती हातात आली तेव्हा निकामी व्हायला निघाली होती. पण धाकट्याचा हात गरम होता आणि तो त्यांना सोडवेना.

मग त्यांनी शालूची चिठ्ठी पुन्हा उचलली आणि वाचली. आणखी एकदा वाचली. राजेश्वरनं सांगितलेला भाव खरेदीच्याही खाली होता. राजेश्वर मान खाली घालून उगाच घडी घातलेल्या साडीची पुन्हा घडी घालत होता.

"खरेदीच्या खाली?" अप्पांचा आवाज दुकानभर झाला. "आसा धंदा करत्यात व्हय बे? हेच शिकवलं का तुला मी?"

पाहुणे दचकून वळले. त्यांना वाटलं, भावाभावांचं बिनसलं. राजेश्वर खाली मान घालून ऐकत राहिला. नीलाबाईंनी तेवढा पदर डोळ्यांना लावला. वाटणी झाल्यापासून थोरला धाकट्यावर ओरडलेला त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.