मायचा आवाज आणि ऑप्टिकलची वायर

भाचीची हळद संध्याकाळी होती आणि दुपार कलली तरी माझा भाऊ टीव्हीच्या मागे डोकं खुपसून बसलेला. मी जळगावहून धुळ्याला माहेरी आलेली, त्यामुळे मला कुणी कामाला हात लावू देईना. मग काय, मी त्याच्या डोक्यावर उभी.

"झालं का?"

"अक्का, डोकं नको खाऊ."

डोकं माझंच ठिकाणावर नव्हतं. गल्लीत कुणाचीही हळद असो, पहिलं गाणं आमच्या मायचं असायचं. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता ती हाताच्या खुणांनी बोलते. नातीच्या हळदीचा मांडव उभा राहिला तशी तिने कपाटातून माझ्या लग्नाची डिस्क काढली, भावाच्या हातात दिली आणि बाहेर मांडवाकडे बोट केलं. तिचं गाणं आता तेवढ्या एका डिस्कवरच उरलंय. नातीला हळद लागताना ते वाजावं, एवढंच तिचं मागणं.

जुना प्लेअर बंद पडलेला, म्हणून भावाने नवा आणला. टीव्हीचा स्पीकर केव्हाच फाटलाय, त्यामुळे आवाज आमच्या वडिलांनी, आबांनी, हौसेने घेतलेल्या जुन्या होम थिएटरच्या रिसीव्हरवरच घ्यायचा. आणि या नव्या प्लेअरच्या पाठीला लाल-पांढऱ्या पिनांची भोकंच नाहीत! दोघांचं जुळणारं एकच भोक निघालं, ऑप्टिकलचं, म्हणजे उजेडातून आवाज नेणाऱ्या वायरीचं. दुकानदाराने त्याची बारीक वायर दिली होती. भावाने ती दोन्हीकडे दाबून बसवली, रिसीव्हरवर ऑप्टिकल निवडलं आणि डिस्क लावली.

पडद्यावर माय आली. हिरवं लुगडं, हातात हळदीची वाटी. ओठ हलतायत, गळ्याची शीर फुगतेय, आणि खोलीत नुसती पंख्याची घरघर. अरे देवा! मागे वळून पाहिलं तर पलंगावर माय तोंड मिटून स्वतःकडे बघत बसलेली. कशाला दाखवलं हे तिला?

"रिसीव्हरच गेला वाटतं," भाऊ पुटपुटला.

"नाचता येईना अंगण वाकडं! सरक तिकडे."

मला यातलं काही कळतं असं नाही, पण हातावर हात ठेवून बसवेना. मी वायर ओढली तर ती अलगद हातात आली. नीट बसलीच नव्हती. टोकाला नखाएवढी पारदर्शक टोपी.

"हे काय रे?"

"कव्हर आहे ते. नवीन वस्तू, धूळ नको जायला."

कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफा प्लास्टिकमध्ये, फ्रिजच्या हँडललाही दुकानातलंच प्लास्टिक. कव्हर काढलं की वस्तू जुनी होते, हा आमचा धर्म. टोपी उपटली तर आत लाल उजेड दिसला. दुसऱ्या टोकाची टोपीही काढली. वायर परत खोचली, या वेळी दोन्हीकडे टक्‌ आवाज झाला. भावाने डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली. आवाज नाही आला तर मायला काय सांगायचं? आणि आला तर तिला तो सोसवेल का?

आला! मायचा तो खणखणीत आवाज घरभर झाला, भिंतीवरची भांडी थरथरली.

आबा बाहेर मांडवात खुर्च्या लावत होते. ते धावतच आत आले, एका पायात चप्पल तशीच. टीव्हीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ पलंगापाशी गेले.

"का वं, तू गाई राहिनी का?"

मायने त्यांच्याकडे पाहिलं. हळूच मान हलवली, नाही, गात नाही म्हणून.

आबा तिथेच मटकन खाली बसले. मला रडू आवरेना. भाऊ घाबरून आवाज बंद करायला धावला, पण त्याच्याआधी माय उठली. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि रिसीव्हरचं बटण फिरवून आवाज आणखी मोठा केला.